सव्वासहाची ट्रिप आणि ऑटोमॅटिक हेडलाइट

सोमवार, ८ सप्टेंबर २०२५. संध्याकाळी साडेसात

बाबा आज पुन्हा लाइट न लावता आले. महिन्यात तिसऱ्यांदा. खर्डी स्टेशनवरून सव्वासहाला निघाले, आमच्या बोरीचापाड्याला पोचेपर्यंत अंधारून आलं होतं आणि जीपची एकही लाइट चालू नव्हती. नाल्यावरच्या मोरीचा कठडा घासला. डावा मडगार्ड अजून मोरीजवळच पडलाय.

लगेच भिमाकाका घरी. आमच्या लाइनवरच्या जीपगाड्यांचे नंबर तेच लावतात, त्यामुळे त्यांच्या शब्दापुढे शब्द नाही. चहा अर्धा ठेवला आणि म्हणाले, नवसू, अजून एकदा असा झाला ना, तर सव्वासहाची ट्रिप शामला देनार. शामने गणपतीत नवीन व्हॅन घेतली आहे आणि तेव्हापासून तो सव्वासहाच्या आसपास नुसताच स्टँडवर उभा असतो.

बाबांनी उरलेला चहा पिऊन टाकला. भिमाकाकांचा.

ही ट्रिप गेली तर बाबांचं काय उरेल मला माहीत नाही. दिवसातली शेवटची गाडी. ती चुकली की चौदा किलोमीटर पायी. एकोणीस वर्षं बाबांनी ती एकदाही चुकवलेली नाही, वत्सलाआत्याच्या लग्नादिवशीसुद्धा नाही. खर्डीच्या बाजारात त्यांना नवसू म्हणत नाहीत, सव्वासहा म्हणतात. सव्वासहा आला का? सव्वासहाने चहा घेतला का?

माझं निदान: विसराळूपणा. वय झालं की बटण दाबायचं राहून जातं. माणसाला आठवण करून देण्यात अर्थ नाही, माणसाला वगळायला हवं. अंधार पडला की लाइट आपोआप लागली पाहिजे. नव्या गाड्यांत असते, मग जुन्या जीपमध्ये का नको? घरात पहिली पदवीधर मी, तीही फिजिक्सची. फर्स्ट क्लास दोन टक्क्यांनी हुकला, म्हणजे जवळजवळ आहेच.

निर्धार: दसऱ्याच्या आत.

बुधवार, १० सप्टेंबर. सकाळी

आई म्हणते, पयले त्यांचे डोले दाखव कुनाला तरी. आईचं सगळं असंच असतं. मागच्या वर्षी मिक्सर बंद पडला तेव्हाही तिला वाटलं नजर लागली.

तरी शास्त्रीय पद्धत म्हणून बाबांची नेत्रतपासणी केली. अंगणातून ओटीवरचं कॅलेंडर वाचायला सांगितलं. बाबा लांबूनच म्हणाले, दहा तारीख, बुधवार, संकष्टी. तिन्ही बरोबर! मग रस्त्यावर नेलं. लांबून एक गाडी येत होती. विचारलं, कुणाची? वळणाआड असतानाच म्हणाले, शामची. दिसायच्या आधी ओळखली. अशी नजर माझीही नाही.

आईला निकाल कळवला. ती भाकरी थापत राहिली. म्हणाली, संकष्टीला मी त्यांना सकाळपासून तीनदा चहा दिलाय उपासाचा, तारीख मांजरालापन ठाऊक असंल.

प्रयोगावर असले आक्षेप येतच असतात. किट ऑर्डर केलं.

रविवार, १४ सप्टेंबर. दुपारी

किट आलं. काडेपेटीएवढा डबा, त्यातून निघालेल्या पाच वायरी आणि टोकाला वाटाण्याएवढा सेन्सर. सेन्सरवर उजेड पडला की लाइट बंद, अंधार झाला की चालू. डब्यावर एक बारका स्क्रू आहे, तो फिरवला की किती अंधाराला अंधार म्हणायचं ते ठरवता येतं. इतकं सोपं आहे की आजवर तालुक्यात कुणाच्या डोक्यात कसं आलं नाही याचंच आश्चर्य वाटतं.

आई म्हणाली पितरपाखात नवा काम नको. मी तिला समजावलं की इलेक्ट्रॉनला पंचांग नसतं.

साडेतीनपर्यंत सगळं जोडलं. लाइट लागत नाही. ब्रेक दाबला की हॉर्न वाजतो.

रविवार, तीच तारीख. संध्याकाळी

शहापूरला सुनिल ऑटो इलेक्ट्रिककडे नेली जीप. रविवारी त्याचं दुकान अर्धवट उघडं असतं. सुनिलने वायरी बघितल्या, मग माझ्याकडे बघितलं, मग परत वायरी बघितल्या. म्हणाला, म्याडम, हा कोनी केला, त्याला परत हात लावू देऊ नका. मी म्हटलं, एक ओळखीचा आहे.

त्याने अर्ध्या तासात बसवून दिलं. सेन्सर समोरच्या काचेच्या आत, डॅशबोर्डवर. मी संपूर्ण वेळ देखरेख केली, त्यामुळे काम मीच केलं असं म्हणायला हरकत नाही. तळहाताने सेन्सर झाकला. खट्ट! दोन्ही लाइट चालू. हात काढला, बंद. मी टाळ्या वाजवल्या. बाबा ड्रायव्हर सीटवर बसून माझ्याकडे बघत होते. हसले. म्हणाले, शिकली पोर.

नवी वही काढली. पहिल्या पानावर: 'प्रकल्प: तालुक्यातल्या सर्व जुन्या जीप'. शहापूर झालं की मुरबाड.

मंगळवार, १६ सप्टेंबर

आज पहिला पूर्ण दिवस. आभाळ भरलेलं. जंगलाच्या पट्ट्यात सागाचं पान एवढं दाट आहे की सकाळी अकरालाच सेन्सरने अंधार जाहीर केला. लाइट लागली. यंत्राच्या बाजूने यात काहीही चूक नाही.

अडचण लाइनवरच्या रिवाजाची आहे. आमच्याकडे दिवसाढवळ्या लाइट लावून जीप आली की समजायचं, आत सिरियस पेशंट आहे, नाहीतर मयत. लोक बाजूला होतात. कुणी हात करत नाही. आज तीन पाड्यांवर माणसं गाडीची वाट बघत उभी होती आणि तिन्हीकडे त्यांनी टोप्या काढून बाबांना पुढे जाऊ दिलं. शामने तर व्हॅन थेट गटारात उतरवून साइड दिली. बाबा रिकामी जीप घेऊन खर्डीला पोचले.

दुपारी भिमाकाकांचा फोन, कोन गेला?

कुणी नाही, म्हटलं, ढग आले होते.

स्क्रू अर्धा फेरा फिरवला.

सोमवार, २२ सप्टेंबर

स्क्रू जरा जास्त फिरला बहुतेक. लाइट आता फार उशिरा लागते, जवळजवळ मोरीजवळ. पण गंमत म्हणजे तोवर बाबा गाडी अगदी सरळ आणतात. खरी अडचण लाइट लागल्यावर सुरू होते. लाइट लागली की वेग बैलगाडीचा. शेवटच्या दोन किलोमीटरला काल वीस मिनिटं लागली.

नोंद: लाइट नसताना गाडी चांगली चालते. योगायोग. नमुना लहान आहे.

स्क्रू परत पाव फेरा उलटा.

गुरुवार, २५ सप्टेंबर

आज निरीक्षणासाठी सव्वासहाला स्वतः बसले. खरं कारण सापडलं!

सोमीमावशी. सकाळी रानभाजी घेऊन खर्डीला जाते आणि संध्याकाळी रिकामी पाटी घेऊन परत येते. रोज पुढच्या सीटवर, बाबांच्या शेजारी. ती जागा कुणी दुसऱ्याने घेतली तर अख्खी जीप ओरडते. आणि खर्डीपासून घरापर्यंत तोंड क्षणभर बंद नाही. आला आंबा. आता उजवीकडं घे. म्हशी हायत रे, तीन. हां, गेल्या. आता खड्डा. अजून नाय, अजून नाय, हा आला. समोरून मोटरसायकल, थांब जरा. नवसू, मोरी.

एवढ्या बडबडीत कुणाचं लक्ष राहील? बटण दाबायचं विसरणारच माणूस. मला वाटतं मडगार्डलाही तीच जबाबदार आहे.

निर्धार: ड्रायव्हरचं लक्ष विचलित करणाऱ्या गोष्टी टप्प्याटप्प्याने हटवणे.

शनिवार, २७ सप्टेंबर

एकाच टप्प्यात हटवलं. जीपमध्ये पाटी लावली: 'चालकाशी बोलू नये'. सोमीमावशीला नम्रपणे मागच्या बाकावर बसायची विनंती केली. ती म्हणाली, मी मागं बसते गो, मना काय. गाडी पुढं जाईल का ते बघ.

पुढे मी बसले. शांतता होती. मागच्या बारा जणांपैकी कुणी खोकतसुद्धा नव्हतं. दोन जणांनी दांड्या घट्ट धरल्या होत्या, हे मला जरा नाटकी वाटलं.

सागाच्या पट्ट्याच्या अलीकडे लाइट बरोबर वेळेवर लागली. बाबांनी जीप बाजूला घेतली आणि बंद केली. म्हणाले, इंजिन गरम झाला. दहा मिनिटं सगळे उतरून उभे. मग सोमीमावशी काही न बोलता पुढे येऊन बसली, मी मागे गेले आणि इंजिन ताबडतोब थंड झालं.

इंजिनाचं तापमान आणि सोमीमावशी यांचा संबंध तपासून बघणे.

गुरुवार, २ ऑक्टोबर. दसरा

आजचं लिहायचंच नव्हतं.

सकाळी बाबांनी जीप धुतली, आईने हळद-कुंकू लावलं, चाकाखाली लिंबू. आणि मग झेंडूचा हार. आईने तो नेहमीसारखा बॉनेटवर न घालता या वर्षी काचेच्या आत, डॅशबोर्डवर पसरला, कारण बाहेर घातला की खर्डीच्या बकऱ्या खातात. हार भरघोस होता. सेन्सर पूर्ण गाडला गेला. सेन्सरच्या दृष्टीने दसऱ्याला दिवसभर अमावस्या होती.

हे माझ्या लक्षात आलं नाही, कारण मी घरी अहवाल लिहीत होते.

लाइट लावलेली जीप, समोर फुलांचा ढीग. रिवाजाप्रमाणे लोकांनी जे समजायचं ते समजलं. सणाच्या दिवशी. फक्त आत कोण आहे ते कुणाला कळेना. कुणीतरी म्हणालं, गाडी नवसूची आहे पण सीटवर नवसू दिसला नाय. (बाबा हल्ली मान पुढे काढून, स्टिअरिंगवर ओणवे होऊन चालवतात. बाजूने बघितलं तर खरंच नीट दिसत नाहीत.) तिथून ही बातमी मुरबाडला कशी गेली देव जाणे.

दुपारी तीनला वत्सलाआत्या मुरबाडहून रिक्षा करून आली. वळणापासूनच तिचा आवाज येत होता. माजा भाव गेला गो, सणाचा दिस पन नाय बघितला. बाबा ओटीवर बसून पुरणपोळी खात होते. उठून तिला पाणी दिलं. पाणी पिऊन आत्याने पदराने तोंड पुसलं, आणि बाबांना ओळखून परत नव्याने रडायला लागली. मग चिडली. मी एवढी रडत आले, आता ते रडनं कुनाच्या खाती?

चार पुरणपोळ्या खाऊन गेली. जाताना माझ्याकडे बघून म्हणाली, हिला शिकवू नका बोललेली मी.

शुक्रवार, ३ ऑक्टोबर

आजपासून सेन्सर बाहेर, बॉनेटच्या कडेला. फुलं, पितर, नातेवाईक कशाचाही संबंध नाही.

रविवार, ५ ऑक्टोबर

खर्डी स्टँडवर भिमाकाकांनी सगळ्या ड्रायव्हरांना बोलावलं. विषय: लाइट. मी परवानगी घेऊन पाच मिनिटं बोलले. मानवी चूक, तंत्रज्ञान, सुरक्षित शहापूर तालुका. चांगलं झालं भाषण. एक ड्रायव्हर तर डोळे मिटून ऐकत होता.

शेवटी भिमाकाका म्हणाले, पोरी, तू लई हुशार हायस. पन लाइट लावनारा बघनारा असला तर लाइटीचा उपेग. मी म्हटलं, म्हणूनच तर ऑटोमॅटिक. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग बाबांकडे. मग म्हणाले, बरं. येत्या गुरुवारी नको, पुढच्या गुरुवारी, सोळाला, स्टँडवर सगळ्यांच्या समोर चालवून दाखवा. जमला तर ट्रिप तुमची. नाय जमला तर शाम.

भिमाकाकांना तंत्रज्ञानाचं वावडं आहे, पण मन वळतंय.

घरी येताना बाबा म्हणाले, कशाला भाषन केलास गो. मी म्हटलं, तुमच्यासाठी. ते म्हणाले, ता ठाऊक हाय मना.

शनिवार, ११ ऑक्टोबर

सेन्सरवर धूळ बसते, मग त्याला चार वाजताच रात्र वाटते. रोज सकाळी ओल्या फडक्याने पुसणे. बाबा पुसतात. पण बाजूचा बोल्ट पुसतात.

गुरुवार, १६ ऑक्टोबर. संध्याकाळी आठ

क्रमाने लिहिते.

सहाला स्टँडवर सगळी लाइन जमली. सात-आठ ड्रायव्हर, चहावाला, संध्याकाळच्या लोकलमधून उतरलेली माणसं. मी बाबांना सांगितलं, तुम्ही फक्त समोरच्या वडापर्यंत जायचं आणि परत यायचं. बाकी यंत्र बघेल. सोमीमावशी दार उघडून पुढे बसायला गेली, तर भिमाकाका म्हणाले, नाय, आज एकटा.

सहा वाजून बावीस मिनिटं. आत्ताच गेलेल्या गाड्यांची धूळ हवेत होती. बाबांनी गाडी काढली. दहा पावलं गेली असेल, आणि खट्ट! अगदी अचूक. दोन्ही लाइट. मी घड्याळ बघितलं. ओरडले, बघा!

जीप जागेवर थांबली. रस्त्याच्या मध्ये. बाबांनी डोळ्यांवर हात धरला. मागून कुणाचा तरी हॉर्न वाजला. बाबा खाली उतरले, बॉनेट चाचपत पुढे आले, सेन्सर सापडेना, बोटांनी शोधत राहिले, मग वायरच हातात आली ती ओढली. लाइट गेली. परत चढले आणि त्या काळोखात जीप वडाला वळसा घालून, चहाच्या टपरीपासून एक हात सोडून, आपल्या नंबरावर आणून उभी केली. स्टँडवरची जागा ते पायानेसुद्धा ओळखतात.

कुणी हसलं नाही. ते हसले असते तर बरं झालं असतं.

बाबा माझ्याशीच बोलत असल्यासारखे, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. लाइट लागली का समोर पांढरा होतो. धुलीवर उजेड पडतो ना, दुधात गाडी घातल्यासारखा. नाय लावली तर सावल्या तरी दिसतात. बाकी रस्ता ठाऊक हाय, आनि सोमी हाय. होळीपासून असाच चाललाय.

म्हणजे बटण विसरत नव्हते. ते मुद्दाम बंद ठेवत होते. आणि मी एक महिना खपून त्यांना बंद ठेवता येणार नाही अशी व्यवस्था करत होते.

सोमीमावशी म्हणाली, अख्ख्या जीपला ठाऊक व्हता गो. तुला सांगायला गेलो का तू वही काढायचीस.

बाबांना विचारलं, मग बसवू का दिलंत? ते म्हणाले, तू एवढ्या हौसेनं करीत व्हतीस. मना वाटला, कायतरी जमवशील. आणि हळूच, डोळ्याचं ऑपरेशन म्हंजे महिना घरी. महिन्यात ट्रिप कुनाची होते ता दिसतं की.

भिमाकाकांनी सगळ्यांसमोर त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, ट्रिप मानसाच्या नावावर नाय, जीपच्या नावावर हाय. महिनाभर लायसनवाला दुसरा कोनीपन चालवा. पन पयले डोले.

निर्धार नाही. आज नाही.

शुक्रवार, १७ ऑक्टोबर. सकाळी

तरी एक गोष्ट स्पष्ट लिहून ठेवते. लाइट वेळेवर लागली होती.

शुक्रवार, २४ ऑक्टोबर

दिवाळी झाली. शहापूरच्या शिबिरात बाबांच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. डावा पुढच्या महिन्यात. डॉक्टर म्हणाले, एवढा पिकलेला मोतीबिंदू घेऊन चालतात कसे? मी म्हटलं, चालत नाहीत, चालवतात. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

बाबांनी ऑपरेशनआधी आईचा हात धरला होता. आई म्हणाली, मी बोललेली. मग हात सोडला नाही.

आज पट्टी निघाली. बाबा खिडकीतून बाहेर बघत होते, झाडाकडे, मग शामने चालवत आणलेल्या, पार्किंगमधल्या आमच्या जीपकडे. म्हणाले, एवढी खराब झाली व्हय गाडी?

महिनाभर ड्रायव्हिंग बंद.

रविवार, २६ ऑक्टोबर

काल रात्री विचार केला आणि आज सकाळी उत्तर समोर होतं. लायसन्स कुणाकडे आहे? माझ्याकडे. दोन वर्षांपूर्वी कॉलेजच्या सुट्टीत काढलंय. टेस्टला आठचा आकडा पहिल्याच फेरीत. टेस्ट कारची होती, पण तत्त्व एकच.

माझे दोन्ही डोळे ठणठणीत. सेन्सरची तुटलेली वायर सुनिलने जोडून दिली. म्हणजे नजर आणि प्रकाश दोन्ही एकाच गाडीत, पहिल्यांदा. बाबांच्या काळात या दोन गोष्टी कधी एकत्र आल्याच नाहीत.

भिमाकाकांना सांगितलं. ते म्हणाले, तू? मी म्हटलं, मी. त्यांनी शामकडे बघितलं. शाम म्हणाला, चालवू दे की, मी मागून येतो, काय लागला तर.

मला त्याची ही भाषा आवडलेली नाही.

शनिवार, १ नोव्हेंबर

आठवडाभर दुपारचा सराव. तोवर सव्वासहाची ट्रिप तात्पुरती शाम मारतोय. बाबा काळा चष्मा लावून शेजारी बसतात. क्लच जरा कडक आहे आणि तिसरा गिअर कधीकधी पहिला निघतो, बाकी उत्तम. बाबा म्हणाले, सव्वासहाला मी बाजूला बसतो, सांगत जाईन. मी नको म्हटलं. डोळ्याला धूळ लागेल. शिवाय मला दिसतं, मला सांगायची गरज काय? ड्रायव्हिंग म्हणजे शेवटी बल, वेग आणि दिशा. हे तिन्ही धडे मला पाठ आहेत.

'चालकाशी बोलू नये' पाटी पुसून स्वच्छ केली.

सोमवार, ३ नोव्हेंबर. साडेसात, शामच्या व्हॅनमधून

लिहिते आहे कारण मागच्या सीटवर आहे आणि दुसरं काही करण्यासारखं नाही.

सव्वासहाला बरोबर निघाले. अकरा जण. पुढची सीट मी सोमीमावशीला दाखवली तर ती म्हणाली, नको गो, तुला दिसतं ना, आणि मागे जाऊन दाराजवळ बसली. बाकीचेही दाराजवळच बसले होते, एकमेकांच्या मांडीवर.

साडेसहाला सागाच्या पट्ट्यात लाइट लागली. अप्रतिम. रस्त्यावरचा खडान् खडा दिसत होता. पट्ट्यापुढची कापणी झालेली खाचरं, बांध, बांधावर ठेवलेले भाताचे भारे, सगळं दिवसासारखं. इतकं छान दिसत होतं की मी जरा बघत राहिले.

वळण त्या उजेडाच्या बाहेर होतं.

कुणाला लागलं नाही. जीप बांधावरून खाली खाचरात उतरली आणि भाऱ्यांच्या ढिगात नाक खुपसून थांबली, अगदी हळू, जशी एखादी म्हैस चिखलात बसते. बारा डोकी सलामत. सोमीमावशीने फक्त आपली भाजीची पाटी मागितली. कुणी शिव्यासुद्धा दिल्या नाहीत, सगळे ओळीने उतरले आणि बांधावर उभे राहिले, जणू हा स्टॉपच होता. एक म्हातारा म्हणाला, नवसूच्या टायमाला इथं डावीकडं घ्यायचा असतो.

मला ते ठाऊक नव्हतं. एकोणीस वर्षं मी या रस्त्याने जीपमध्ये बसून आले आणि कधी खिडकीबाहेर बघितलं नाही. वाचत असायचे.

लाइट चालूच होती. बंद करायला मी गेले नाही. रिकाम्या खाचरातून तो झोत सरळ बोरीचापाड्यावर पडत होता, त्यामुळे कुणाला फोन करायची गरजच लागली नाही. पाड्यावरून माणसं आली, त्यांत बाबा, काळा चष्मा कपाळावर सारून, भराभर. आधी सगळ्यांना एकेक करून मोजलं. मग मला. मग जीपभोवती एक फेरी मारली. बॉनेटपाशी थांबले, सेन्सर बघितला. पहिल्यांदाच नीट बघितला, मला वाटतं.

म्हणाले, लाइट मात्र टायमावर लागली हां.

टोमणा नव्हता. तेच वाईट आहे.

भिमाकाकांना फोन त्यांनीच लावला. मी ऐकत होते. सव्वासहा शामला दे. महिन्याचा नाय, कायमचा दे. मानसांना घरी जायचा असतो. मग फोन खिशात ठेवून थोडा वेळ रस्त्याकडे बघत उभे राहिले, नव्या डोळ्याने. जीप काढायला उद्या ट्रॅक्टर येईल.

शाम मागून आलाच होता. सगळे त्याच्या व्हॅनमध्ये बसले. सोमीमावशी मधल्या सीटवर बसली आणि बसल्या बसल्या डोळे मिटले. बाबांना शामने पुढे बसवलं. बाबा म्हणाले, डावीकडं घे. शाम म्हणाला, ठाऊक हाय काका.

त्याने चावी फिरवली आणि दोन्ही हेडलाइट आपोआप लागल्या. कंपनीच्याच आहेत. मी मान वर करून आजूबाजूला बघितलं. कुणाच्या लक्षातही आलं नाही.